गरिबाचा वाटा

आर्लेत बुवेला शिकवायला सांगितलं होतं फ्रेंच, आणि ती शिकवत होती आपलं स्वयंपाकघर. आता यात तिचा तरी काय दोष? चष्म्याच्या कारखान्यात काड्या घासण्यात जिचा उभा जन्म गेला, तिला व्याकरण कुठून यायचं? नगरपालिकेतली बाई म्हणाली होती की परदेशातून आलेल्या माणसांशी आठवड्यातून एकदा नुसतं बोलायचं, बाकी काही नको. आर्लेतला वाटलं, बोलायचं तर बोलू. नवरा मार्सेल गेल्यापासून तिच्या घरात रेडिओशिवाय कुणी बोलत नव्हतं, आणि रेडिओला उलट उत्तरं देऊन देऊन ती कंटाळली होती.

तिच्याकडे धाडली गेली एतेरी. काळ्या समुद्रापलीकडच्या जॉर्जियातली, पन्नाशी गाठलेली, हाडापेराने मजबूत बाई. गावातल्या वृद्धाश्रमात ती चादरी धुवायला होती. पहिल्या मंगळवारी ती दारात उभी राहिली तेव्हा तिला फ्रेंचमधले तीन शब्द येत होते, आणि त्यातले दोन साबणाचे होते.

आर्लेतने तिला टेबलाशी बसवलं, हातात सुरी दिली आणि समोर लीकची जुडी ठेवली. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या या ज्यूराच्या डोंगरात हिवाळाभर सूप त्याचंच. चिरताना चिरण्याचे शब्द, उकळताना उकळण्याचे, आणि जीभ भाजली की जे तोंडातून निघतं तेही. असं करत करत एतेरी शिकत गेली. पण शब्दांपेक्षा जास्त तिला पाठ करावी लागली ती इथली रीत. दुकानात शिरलं की आधी ‘बोंझूर’, मग पाव. तो पाव टेबलावर कधी उपडा ठेवायचा नाही, घरावर अवकळा येते. चीजच्या त्रिकोणाचं टोक कापून आपल्या ताटात ओढायचं नाही, चव तिथे असते आणि ती सगळ्यांची असते. सॅलडच्या पानाला सुरी लावायची नाही, घडी घालून तोंडात घालायचं. पगार विचारायचा नाही. वय तर नाहीच नाही.

एक दिवस एतेरी सुरी खाली ठेवून म्हणाली, “मादाम बुवे, तुमच्या भाषेत शब्द कमी आणि मनाई जास्त.”

आर्लेत हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. हसताना तिचा हात चटकन तोंडाकडे गेला, कवळी सैल झाली होती ना.

तरी दोघी एकमेकींना ‘तुम्ही’च म्हणत. आर्लेतचं हे असंच होतं. कारखान्यात शेजारच्या मशीनवर ओदेत नावाची बाई बसायची, तिला ‘तू’ म्हणेपर्यंत दोघींचे केस पिकायला लागले होते. माणूस जवळ यायला तिच्याकडे काहीतरी निमित्त लागे, आणि ते निमित्त संपलं की ती दार लोटून घेई. वाईट नव्हती हो बाई. धीर नव्हता तिला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. रविवारी आर्लेतच्या दाराची बेल वाजत नसे. सकाळी नाँतहून मुलाचा, दिदिएचा, फोन येई, “सगळं ठीक?” “ठीक.” की झाला रविवार. त्यामुळे बेल ऐकून ती घाबरलीच. अंगात जुना गाऊन, केस पिंजारलेले, टेबलावर कालच्या सूपचं भांडं आणि त्यातच बुडवलेला चमचा, कारण एकटीसाठी बशी कोण विसळत बसणार. तिने दार वीतभर उघडलं. बाहेर एतेरी, हातात अक्रोडांची पिशवी. वृद्धाश्रमामागच्या झाडाखाली वेचले म्हणाली, गोड आहेत, वाटलं तुमच्याकडे बसून फोडू.

आणि आर्लेत, दारातच उभी राहून, म्हणाली, “आमच्याकडे असं न कळवता कुणी येत नाही. आधी फोन करायचा असतो.”

एतेरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि शिकलेलं वाक्य एकही चूक न करता म्हटलं, “क्षमा करा, मी आधी फोन करायला हवा होता.” आणि गेली.

दार लावून आर्लेत आत आली. सूप गार झालं होतं. तिला वाटलं खिडकी उघडून हाक मारावी, पण गाऊनवर हाक कशी मारायची? पुढच्या मंगळवारी तिने त्याचाच धडा केला. फोन कसा करायचा, “त्रास तर देत नाही ना?” कसं विचारायचं. वर हेही सांगितलं की बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि एकदा त्यांनी बोलावलं की पुढची पाळी आपली. एतेरी हुशार विद्यार्थिनी. त्यानंतर ती ठरलेल्या मंगळवारीसुद्धा आधी फोन करून येऊ लागली. आर्लेतने शिकवलेलं सगळं तिने घेतलं, आणि नेमकं हेच सगळ्यात पक्कं घेतलं.

ख्रिसमसच्या आधी एतेरीची फ्रेंचची सरकारी तोंडी परीक्षा झाली. परीक्षकाने विचारलं, फ्रान्समध्ये काय शिकलात? तर हिने चीजच्या टोकाचं सांगितलं. परीक्षक म्हणे इतका हसला की पुढचे प्रश्नच विसरला. पास झाली ती. ते सांगायला आली तेव्हा आधी फोन केला होता, हातात रिबीन लावलेला चॉकलेटचा डबा होता, आणि शेवंतीची फुलं आठवणीने टाळली होती, कारण ती थडग्यावर वाहायची. सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम. सोफ्याच्या कडेला बसून ती म्हणाली, “सगळ्याबद्दल मनापासून आभार, मादाम बुवे.”

हे निरोपाचं वाक्य होतं. आर्लेतनेच शिकवलेलं.

म्हणजे आता मंगळवार नाहीत. परीक्षा झाली, निमित्त संपलं. आता या बाईने इथे यायचं कशाला? आणि ‘उगीच या’ हे आर्लेतच्या तोंडातून निघणं म्हणजे दगडाला पाझर. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, “एक धडा राहिलाय. गालेतचा. जानेवारीच्या पहिल्या रविवारी या.”

बाळ येशूला बघायला तीन राजे आले, त्या सणाची ही गालेत, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली गोड रोटीच. बेकरीत मिळते ती पापुद्र्यांची, पण ज्यूराकडच्या जुन्या घरांत वेगळीच करतात. पाणी-लोणी उकळून त्यात मैदा घोटायचा, मग अंडी, साखर आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. भाकरीसारखी गोल थापायची, वरून अंड्याचा हात फिरवायचा, काट्याने रेघा ओढायच्या. आणि आत एक पावटा लपवायचा. पूर्वी खरोखरच पावट्याचा दाणा घालत, आता चिनीमातीचं इवलंसं काहीतरी असतं, तरी त्याला पावटाच म्हणतात. ज्याच्या तुकड्यात तो निघेल तो राजा. त्याला सोनेरी कागदाचा मुकुट. आणि राजा झाला म्हणजे सुटला असं नाही: पुढची गालेत त्याने द्यायची. कारखान्यात लोक त्या खर्चाला भिऊन पावटा गालात लपवायचे आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत.

आर्लेतचं सगळं लक्ष त्या पुढच्या गालेतवर होतं. पावटा एतेरीला निघाला की पुढची गालेत एतेरीची. मग एतेरी बोलावणार, आर्लेत जाणार. मग पाळी आर्लेतची. कुणी कुणाला ‘मला एकटीला राहवत नाही’ असं म्हणायचं कामच नाही, रीतच सगळं करून घेईल. त्या सकाळी पीठ घोटताना ती चक्क गुणगुणत होती. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून तिने दिदिएच्या लहानपणची निळी कोंबडी काढली, पिठात खुपसली, आणि तिच्यावरची एक रेघ मुद्दाम तिरकी ओढली. लबाडीच ती. जन्मात कधी पावाच्या रांगेत पुढे न घुसलेली बाई, पण त्या दिवशी केली तिने लबाडी.

एतेरी आली, चार वाजता, फोन करून. आर्लेतने गालेतचे तीन भाग केले.

“तीन का? आपण तर दोघी,” एतेरी म्हणाली.

“तिसरा गरिबाचा वाटा. तो नेहमी बाजूला ठेवतात. अचानक कुणी दारात आलं तर त्याला.” आणि मग आर्लेत जरा ओशाळून म्हणाली, “आता तुम्हाला टेबलाखाली जावं लागेल.”

रीतच आहे ती. घरातल्या सगळ्यात लहानाने टेबलाखाली बसायचं. वरच्याने तुकड्यावर सुरी टेकवून विचारायचं ‘हा कुणाला?’ आणि खालून जे नाव येईल त्याचा तो तुकडा. म्हणजे कुणी लबाडी करू नये. पूर्वी दिदिए बसायचा. आज दोघींत लहान एतेरी. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण मेणकापड वर करून आत शिरली आणि खालून म्हणाली, “मादाम बुवे, इथे एक चमचा सापडलाय. बहुतेक मागच्या युद्धातला.”

आर्लेतने सुरी तिरक्या रेघेवर टेकवली. हिशोब सोपा होता. पहिला तुकडा विचारला की माणूस सहसा स्वतःचं नाव घेतो, दिदिए तर कायम घ्यायचा.

“हा कुणाला?”

खालून एतेरीचा आवाज आला, “गरिबाला. आमच्याकडे जो टेबलाशी नसतो, पहिला मान त्याचा.”

सुरी तशीच राहिली. आर्लेतला वाटलं, सरकवावी गुपचूप दुसऱ्या तुकड्यावर, खालून काय दिसतंय? पण नाही झालं तिच्याने. टेबलाखालून आलेला शब्द तो शेवटचा, मार्सेल म्हणायचा. तिने तो तुकडा बशीत काढून फडताळावर ठेवला, काचेच्या झाकणाखाली.

मग दोघींनी आपापला तुकडा खाल्ला. आणि आर्लेतने पाहिलं की एतेरी अगदी बारीक घास घेतेय, दरेक घास जिभेने चाचपतेय, न चावता. शेवटचा घास गिळून ती रिकाम्या बशीकडे बघत राहिली. तिलाही तो पावटा हवा होता, हे आर्लेतला दिसलं. दिसलं आणि तरी बोलली नाही, काय म्हणावं या बाईला.

“म्हणजे गरीबच राजा झाला,” एतेरी म्हणाली. “आता पुढची गालेत तो आणणार?”

“आला तर.”

कोट घालून एतेरी दारात थांबली. गालाला गाल लावून झाले. दोघी पायपुसण्याकडे बघत उभ्या. एतेरी म्हणाली, माझ्याकडे एकच खोली आहे, खुर्चीही एकच आहे, नाहीतर... आणि तिथेच अडली. आर्लेतने म्हणायला हवं होतं की मी पलंगावर बसेन. ती म्हणाली, “बरं मग. रस्ता निसरडा आहे, जपून जा.”

आणि सुरू झाले मंगळवार, ज्यात काहीच नव्हतं. बर्फ पडत राहिलं. आर्लेत दोन लीक आणायची आणि एकच चिरायची. पोस्टमन पार्सल घेऊन आला तेव्हा तिच्या मनात आलं की याला द्यावा तो तुकडा, न सांगता आलेलाच आहे. पण त्याने बूट झटकले, सही घेतली आणि आणखी दहा घरं आहेत म्हणत पळाला. मुलाने फोनवर विचारलं, गालेत केलीस का, एकटीसाठी? “पाहुणे होते,” ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. फोनकडे ती रोज बघायची. एतेरी करेल. आपण कशाला? आपण एकदा बोलावलंय, पाळी तिची. आणि त्या पाळीच्या नावाने बसून राहिली, हट्टी म्हातारी.

तुकडा झाकणाखाली वाळत गेला. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, मुलाचा फोन होऊन गेल्यावर, तिने झाकण उचललं. कडा लाकडासारख्या झाल्या होत्या. पण गरिबाचा वाटा कचऱ्यात टाकत नाहीत, कुणीतरी खायचाच असतो. तिने कॉफी केली, टेबलाशी बसली आणि कॉफीत बुडवून बुडवून खाऊ लागली. तिसऱ्या घासाला कवळीवर टक्‌ झालं. निळी कोंबडी.

आर्लेतने ती तळहातावर घेतली. खाली टेबलाखाली कुणी नव्हतं, समोर कुणी नव्हतं, मुकुट घालायला कुणी नव्हतं. इतके दिवस आपण दाराकडे कान लावून बसलो, येईल कुणी गरीब म्हणून. आणि तो आधीपासून इथेच, या खुर्चीत बसलेला. “एकटी पडले गं बाई मी,” ती मोठ्याने म्हणाली. रेडिओ बंद होता, त्यामुळे ते स्वच्छ ऐकू आलं. मग ती रडली, जवळ कुणी नसताना माणूस रडतं तशी, नाक न पुसता.

रडून झाल्यावर ती उठली. कारण रीत ती रीत. ज्याला पावटा निघतो, पुढची गालेत त्याची. घरात अंडी होती, लोणी होतं. कोंबडी धुऊन तिने पुन्हा पिठात खुपसली, आणि या वेळी रेघा सगळ्या सरळ ओढल्या.

गालेत ओव्हनमधून निघाल्यावर तिने फोन उचलला. नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली आणि तिला कळेना काय म्हणायचं. ‘त्रास तर देत नाही ना?’ आणि तिकडून उत्तर आलं, आज जरा अडचण आहे, तर? तिने फोन खाली ठेवला. गालेत फडक्यात बांधली, कोट चढवला आणि निघाली. एतेरी राहायची त्या स्टेशनामागच्या इमारतींकडे ती कधी गेली नव्हती. जिन्यात कांदा परतल्याचा वास, वर वर चढताना गुडघ्यांनी नावं ठेवली. दारावरची पाटी वाचून तिने टकटक केलं आणि लगेच वाटलं, पळावं.

एतेरीने दार उघडलं, वीतभर. अंगात घरचा ढगळा स्वेटर, केस ओले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि तो नोव्हेंबरातला रविवार दोघींना आठवला.

“क्षमा करा,” आर्लेत म्हणाली. “मी आधी फोन करायला हवा होता.”

एतेरी हसली नाही. तिने दार पुरतं उघडलं.

खोली होती तेवढीच, सांगितली तेवढीच. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीशी टेबल. टेबलावर एतेरीचं जेवून झालेलं ताट, आणि पलीकडे एका बशीवर उपडा वाडगा. आर्लेतने गालेत ठेवायला तो जरा सरकवला, तर खाली चीज भरलेल्या जाड पोळीचा तुकडा, जॉर्जियात करतात तशी, नुकतीच भाजलेली.

“हे कुणासाठी? कुणी यायचंय का?” आर्लेतने विचारलं, आणि परत जायला वळलीच जवळजवळ.

“गरिबाचा वाटा,” एतेरी म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत ना. दर रविवारी ठेवते. सोमवारी मीच खाते.”

आर्लेत खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला सांगावंच लागलं, इतक्या दिवसांची शिक्षिका ती. “अहो, ते दर रविवारी नसतं. वर्षातून एकदाच, राजांच्या सणाला.”

“एकदाच?” एतेरीला ते काही केल्या पटेना. “मग बाकीचे रविवार गरिबाने काय खायचं?”

आर्लेतने कोटाची बटणं काढली. कोट कुठे ठेवायचा ते न विचारता पलंगावर टाकला, एकुलती खुर्ची ओढली आणि बसली.

“दे इकडे,” ती म्हणाली. “माझाच आहे तो, एतेरी. दे गं.”

एतेरीने वाडगा उचलून बशी तिच्यापुढे ठेवली, आणि स्वतः पलंगावर टेकली. पोळी अजून कोमट होती.